जिन्यावरचं कासव

तोक्योच्या योत्सुया भागात सुगा नावाचं शिंतो देवस्थान आहे. तिथे छत्तीस प्राचीन कवींची चित्रं जपून ठेवली आहेत, १८३६ सालची. ती बघायला आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. गर्दी असते ती देवळाबाहेर, खालच्या गल्लीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर. पायऱ्या म्हणाल तर चढावरच्या कुठल्याही वस्तीत असतात तशाच. लाल रंगाचा कठडा, दोन्ही अंगांना राहती घरं, डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता, एखाद्या गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. २०१६ साली दिग्दर्शक मकोतो शिनकाईंचा ‘किमी नो ना वा’ हा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून चित्रपट आला, आपल्याकडे जो ‘युअर नेम’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेवटी नायक-नायिका याच पायऱ्यांवर एकमेकांना ओलांडून पुढे जातात आणि मग वळतात. तेव्हापासून या पायऱ्यांना उसंत म्हणून नाही.

मला इथे आणलं पुण्याहून आलेल्या भाच्यानं. मी एवढी वर्षं तोक्योतल्याच निशी-कासाईत राहते, योत्सुया स्टेशनावरून असंख्य वेळा गेले असेन, पण या जिन्यावर पाय पडला तो त्याच्यामुळे. पोरगा विमानातून उतरला तो यादी घेऊनच. यादीत फुजी नाही, डिस्नेलँड नाही. मग होतं काय, तर एक रेल्वे फाटक, एक वाचनालय, बागेतला एक आडोसा, एक बंद झालेली शाळा आणि हा जिना. ताईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, “एवढं तिकीट काढून फाटक बघायला गेलाय का तो? आपलं घोरपडीचं फाटक काय वाईट होतं?”

ॲनिमेत दिसलेल्या खऱ्या जागा शोधत फिरणाऱ्या या लोकांची पद्धत मला आधी माहीत नव्हती. फोनवर चित्रपटातला स्क्रीनशॉट लावायचा, समोरच्या जागेशी ताडून बघायचा, मग एक पाऊल मागे, अर्धं पाऊल डावीकडे, गुडघे वाकवून थोडं खाली, असं करत करत चित्रातला खांब आणि खरा खांब एका रेषेत आले की फोटो. “मावशी, तू वर जाऊन उभी राहा. नायिका वरून येते.” पन्नाशीला टेकलेली, हातात ऑफिसची पिशवी, पायात सपाट बूट अशी नायिका वर जाऊन उभी राहिली. रांगेत आमच्यामागे कोरियन मुली होत्या, एक थायी जोडपं होतं. सगळे अत्यंत शिस्तीत. फोटो काढून झाला की पुढच्याला वाकून जागा द्यायची.

तेवढ्यात खालून एक आजी आल्या. खरेदीची पिशवी, तिच्यातून बाहेर आलेले कांद्याच्या पातीचे हिरवे शेंडे. पायऱ्यांच्या तळाशी येऊन त्या थांबल्या आणि कोणाच्याही फोटोत येणार नाही अशा बेतानं बाजूला झाल्या. कोणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनीच ओळखलं होतं की इथे थांबायचं असतं. त्यांचं घर वर होतं, पाती त्यांची होती, गुडघे त्यांचे होते, आणि वाट मात्र आम्ही अडवली होती. भाच्याच्या लक्षात आलं. त्यानं फोन खाली केला, कठड्याला चिकटून उभा राहिला आणि मोडक्या जपानीत “आधी तुम्ही” म्हणाला. आजी एकेक पायरी चढत गेल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, “आज ऊन चांगलं आहे, फोटो छान येतील.”

हे वाक्य मला पुढचे सगळे दिवस पुरलं. कारण भाच्याच्या त्या काटेकोर चौकटीत काय काय बसतं हे तो मला दाखवत होता, आणि मी बघत होते ते तिच्यातून कोण वगळलं जातं ते.

खऱ्या जागा बघून चित्रं काढायची ही रीत काही शिनकाईंनी सुरू केलेली नाही. इसाओ ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि योइची कोताबे हे तिघे ॲनिमेवाले १९७३ साली स्वित्झर्लंडला जाऊन आले, ते पुढच्या वर्षीच्या ‘हायडी’ मालिकेसाठी. टीव्हीवरच्या कार्टूनसाठी चित्रकारांना परदेशी धाडणं ही तेव्हा चैनच. आता ही चैन राहिली नाही, कामाचा भाग झाला. दिग्दर्शक आणि पार्श्वभूमीचे चित्रकार गावभर हिंडतात, फोटोंचा ढीग जमवतात, त्यावरून गल्ल्या, दुकानं, व्हेंडिंग मशीन, गटारावरच्या झाकणांची नक्षीसुद्धा उतरवतात. डिजिटल कॅमेरे आले, रंगकाम संगणकावर गेलं आणि हे सोपं झालं. कल्पनेतलं गाव उभं करण्यापेक्षा असलेलं गाव काढणं स्वस्त पडतं, हेही आहेच. चाहत्यांची बाजूही सोपी झाली. पूर्वी एक चौक शोधायला महिने जायचे, आता घरबसल्या नकाशावरून गल्लीत शिरता येतं.

पण चित्रकार लबाड असतात. शिनकाईंच्या त्या चित्रपटातलं तळ्याकाठचं इतोमोरी गाव कुठेच नाही. चाहते नागानो प्रांतातल्या सुवा सरोवरावर जातात, वरच्या तातेइशी बागेतून तळं बघतात आणि समाधान मानतात. शिनकाई स्वतः त्याच प्रांतातल्या कोउमीचे. आणि त्या गावाच्या शोधात नायक जिथे उतरतो ते हिदा-फुरुकावा स्टेशन मात्र गिफू प्रांतात, अगदी खरं. तिथलं वाचनालय चित्रपटात जसंच्या तसं आहे. आम्ही काउंटरवर विचारलं, त्यांनी वाचकांचे चेहरे येऊ देऊ नका एवढंच सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले. बाहेर येऊन गोहेई-मोची खाल्ले. काठीला थापलेला भाताचा गोळा, वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोडसर लेप, निखाऱ्यावर खरपूस भाजलेला. नायकाची मंडळीही हेच खातात म्हणून भाच्यानं खायच्या आधी त्याचाही फोटो काढला. तोवर गार झालं.

त्याचं शिनकाई-वेड जुनं आहे. २०१९ साली ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या थिएटरांत लागला, तो भारतीय चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली म्हणून. त्या सह्यांत शाळकरी वयातली याची एक. आमच्या पिढीचं ॲनिमे म्हणजे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा मोगली. ती मालिका जपानी होती, १९८९ सालची, हे मला इथे आल्यावर कळलं! नागपूरकडची मंडळी पेंचला जातात तेव्हा जिप्सीवाला अजूनही मोगलीचं जंगल म्हणून हात दाखवतो. किपलिंग त्या सिवनीच्या रानात कधी गेलाच नव्हता असं म्हणतात. म्हणजे न पाहिलेल्या जंगलाची गोष्ट, तिच्यावरून जपानात काढलेली चित्रं, आणि ती बघून मोठे झालेले आपण पुन्हा त्याच जंगलात. यापुढे माझ्या भाच्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

शिंजुकू ग्योएन या बागेतला आडोसाही यादीत होता. ‘कोतोनोहा नो निवा’ या २०१३ च्या चित्रपटात पावसाळी सकाळी एक बाई तिथे बसून बिअर पिते आणि चॉकलेट खाते. बागेत दारूला सक्त मनाई आहे, आणि चित्रपटानंही शेवटी तशी सूचना इमानेइतबारे दिली आहे. आम्ही गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं. भाचा हिरमुसला. जूनच्या पावसात मी तिथे पुन्हा एकटी गेले, थर्मासमधला आल्याचा चहा घेऊन. पाऊस तळ्यावर पडत होता आणि बाकावर माझ्याशेजारी एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. चित्रपट त्यांच्या गावीही नव्हता. छान गेली सकाळ.

कामाकुराच्या फाटकाबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण मला ते आवडलं नाही. एनोडेन ही दहा किलोमीटरची चिमुकली रेल्वे. कामाकुरा-कोको-माए स्टेशनाजवळचं फाटक, पलीकडे थेट समुद्र. ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात हे फाटक दिसतं. मालिका १९९३ ची. तैवान, कोरिया, चीनमध्ये तिच्यावर पिढीच्या पिढी वाढली, त्यात २०२२ साली नवा चित्रपट आला. फाटकाची घंटा वाजायला लागली की शेकडो हात वर होतात, लोक रस्त्याच्या मधोमध येतात, गाड्या खोळंबतात, पहारेकरी शिट्ट्या मारतात. चार-चार भाषांत पाट्या लावल्यात, रस्त्यावर उभे राहू नका म्हणून. शेजारच्या शाळेची पोरं दप्तरं छातीशी धरून गर्दीतून वाट काढत होती. भाच्याला हवा तो फोटो मिळाला, त्यात हिरवी गाडी आहे, समुद्र आहे आणि एका अनोळखी माणसाची सेल्फीची काठी आहे. तिथे बोलावं असं कोणी नव्हतंच. गावकरी तोंड चुकवून जातात, आणि त्यांचं काय चुकलं?

आणि म्हणूनच आता तोयोसातोबद्दल, यादीतली ती बंद झालेली शाळा जिथे आहे त्या गावाबद्दल.

शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं माइबारा, तिथून ओमी रेल्वे. तिला तिथले लोक लाडानं ‘गाचाकोन’ म्हणतात, खडखडाटामुळे. भाताच्या खाचरांतून ती आपली रमतगमत जाते. तोयोसातोला उतरलो, तर नाक्यावर लाकडी मुलगी. शिगा प्रांतात रस्त्याच्या कडेला लाकडाच्या फळीची धावती मुलं उभी करतात, पोर एकदम आडवं येईल, गाडी हळू चालवा, हे सांगायला. इथे त्या जागी ‘के-ऑन’ या ॲनिमे मालिकेतल्या शाळकरी मुली होत्या. कोणाच्या हातात गिटार, कोणी नुसतीच धावत सुटलेली. मोठ्या कंपनीनं लावलेल्या चकचकीत नव्हेत. रंग उडालेल्या, एकीच्या नाकाला तर पोपडा सुटलेला. भाच्याचा चेहरा असा उजळला की मी त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावला.

तिथल्या जुन्या प्राथमिक शाळेची ही इमारत १९३७ साली बांधली. पैसे दिले तेत्सुजिरो फुरुकावा यांनी. याच शाळेत शिकलेले, पुढे मारुबेनी या व्यापारी पेढीत वरच्या पदाला चढलेले. आराखडा विल्यम मेरेल व्होरीसचा. हा अमेरिकन माणूस १९०५ साली इंग्रजी शिकवायला म्हणून शिगात आला आणि इथलाच झाला. इमारती बांधल्या, मेंथोलेटम मलम जपानात आणलं, १९४१ मध्ये नागरिकत्व घेतलं. खेड्यातली शाळा, पण दिसायला एखाद्या विद्यापीठासारखी. पांढरीशुभ्र, सरळ लांबच लांब, मोठ्या खिडक्या.

आत गेल्यावर मी जिन्याच्या कठड्यापाशीच अडकले. कठड्यावर पितळेचे छोटे छोटे प्राणी बसवलेत. तळाशी ससा आणि कासव शेजारी-शेजारी. थोडं वर ससा पुढे. वळणावर ससा झोपलेला, अगदी कान पाडून. आणि कासव आपलं चढतंय. सगळ्यात वर एकटं कासव. हात ठेवून चढलं की गोष्ट आपोआप तळव्याखालून जाते. लहान मुलाच्या हाताच्या उंचीचा विचार कोणीतरी केलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांचे हात फिरून कासवाची पाठ गुळगुळीत झाली आहे. भाचा एव्हाना तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. वरून ओरडला, “मावशी, चहा मांडलाय!”

खरंच मांडला होता. त्या मालिकेतल्या मुलींचा वाद्यवृंद वाजवतो कमी आणि चहा-केक जास्त खातो. तशीच बाकं एकत्र जोडून त्यावर कपबशा ठेवल्या होत्या. फळ्यावर देशोदेशींच्या लोकांनी काढलेली चित्रं, तारखा, नावं. भाच्यानं खडू घेतला आणि कोपऱ्यात देवनागरीत ‘पुणे’ लिहिलं.

खाली एक गृहस्थ बसले होते, सत्तरीपलीकडचे, गावातलेच, आल्यागेल्याला माहिती देणारे. आम्ही भारतातले म्हटल्यावर खुर्ची सरकवून बसा म्हणाले. त्यांना मालिकेबद्दल नव्हे, इमारतीबद्दल बोलायचं होतं. ही शाळा पाडून नवी बांधायची असं नगराध्यक्षांनी ठरवलं होतं. गावकरी कोर्टात गेले. डिसेंबर २००२ मध्ये कोर्टानं पाडकाम थांबवायला सांगितलं, तरी खिडक्या फोडायला सुरुवात झाली. लोक येऊन मध्ये उभे राहिले. गावात उभी फूट पडली, नगराध्यक्षांना परत बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी नवी शाळा शेजारी झाली आणि ही वाचली. पण वाचलेल्या रिकाम्या इमारतीचं करायचं काय? दुरुस्ती होऊन ती लोकांसाठी खुली झाली २००९ मध्ये. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये क्योतोच्या एका स्टुडिओनं ‘के-ऑन’मधून या जिन्याची, या कासवाची चित्रं टीव्हीवर आणली.

“पहिल्यांदा पोरं यायला लागली तेव्हा आम्हाला कळेचना,” गृहस्थ म्हणाले. “पाठीवर गिटार घेऊन यायची, कासवाचे फोटो काढायची. आम्ही म्हटलं, ज्या कासवासाठी आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं, त्याच्यासाठी ही ओसाकाहून येतात?” आणि खळखळून हसले. मग कोणीतरी कपबशा आणून ठेवल्या, कोणी फळीवर मुली कापून रंगवल्या. चाहत्यांनी झाडलोट केली. मुलींचे वाढदिवस साजरे व्हायला लागले, म्हणजे चित्रातल्या मुलींचे. गावातल्या बायका त्याला केक करून द्यायच्या.

तो स्टुडिओ म्हणजे क्योतो ॲनिमेशन. १८ जुलै २०१९ रोजी एका माणसानं त्यांच्या इमारतीला आग लावली, ३६ जण गेले. त्याबद्दल ते गृहस्थ काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. भाचा मात्र उतरताना प्रत्येक पायरीवर थांबून कठडा बघत होता, आणि फोन खिशात होता.

सैतामातल्या वाशिनोमिया देवळाचीही अशीच गोष्ट. २००७ सालच्या ‘लकी स्टार’ मालिकेत ते दिसलं आणि पुढच्याच नववर्षाला सुमारे ३ लाख लोक दर्शनाला आले. २०११ पर्यंत आकडा ४ लाख ७० हजारांवर गेला. नवसाच्या लाकडी पाट्यांवर लोक मालिकेतल्या मुली काढू लागले. देवळानं हाकललं नाही, आणि दुकानदारांनी त्या मुलींची पालखी गावच्या उत्सवात खांद्यावर घेतली. आता तर ॲनिमेतल्या जागांच्या या यात्रेची संघटना आहे, २०१६ पासून, आणि ती ८८ जागांची यादी काढते. शिकोकू बेटावर कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या ८८ देवळांची परिक्रमा आहे, आकडा तिथूनच उचललेला. यादी आली, शिक्का आला की मला थोडं कसंतरी होतं. वारीला जाणाऱ्याला कोणी यादी देत नाही. पण भाच्याला शिक्के आवडतात, त्यानं वहीच विकत घेतली.

शेवटचा मुक्काम कानाझावाजवळचं युवाकू. डोंगरातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं छोटं गाव. ‘हानासाकु इरोहा’ ही २०११ ची मालिका इथली. तिच्यात एक उत्सव आहे, मालिका लिहिणाऱ्यांनी मनानं रचलेला. दहाव्या महिन्यात देशभरातले देव इझुमोच्या देवस्थानी जमतात. एका बालदेवीला वाट सापडत नाही, म्हणून गावकरी रस्त्यावर कंदील लावतात, आणि मोबदल्यात ती लोकांच्या इच्छांच्या चिठ्ठ्या बरोबर घेऊन जाते. मालिका संपली. ऑक्टोबरमध्ये गावानं खरोखरच कंदील लावले. पुढच्या वर्षी पुन्हा लावले. आम्ही दसऱ्याच्या सुमारास गेलो तर आख्खा रस्ता कंदिलांनी भरलेला, दुकानदार, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, मालिकेतल्या वेषातले चाहते, सगळे एकाच मिरवणुकीत.

भाच्यानं आमच्या सरायच्या मालकीणबाईंना विचारलं, हा उत्सव खोटा आहे हे लोकांना माहीत असतं का? मी भाषांतर करताना जरा मवाळ केलं. बाई निखळ आश्चर्यानं म्हणाल्या, “खोटा कसा? आम्ही दरवर्षी करतो की.”

तळ्याकाठी चिठ्ठ्या जाळतात, धूर होऊन त्या देवीकडे पोचतात. भाच्यानं काय लिहिलं ते त्यानं हातानं झाकून लिहिलं. मी व्हिसा मुदतीत वाढवून मिळू दे असं लिहिलं. त्यानं वाकून वाचलं.

“मावशी, देवीला इमिग्रेशनचं काम सांगतेस?”

“सगळ्या देवांची मीटिंग आहे ना तिथे,” मी म्हटलं. “कोणाच्या तरी खात्यात येईलच.”